गंज, घसारा आणि हौस

जमाखर्चाच्या शास्त्रात घसारा ही एक निर्विकार संकल्पना आहे. वस्तू वापरली जावो वा न जावो, वर्ष सरले की तिच्या किमतीतून ठरावीक भाग वजा होतो. व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या साध्या मोटारीवर आयकराच्या हिशेबात दरवर्षी १५ टक्के घसारा घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने धरला जातो. या गणिताने एक लाख रुपयांची मोटार दहा वर्षांनी वहीत १९,६८७ रुपयांची उरते, वीस वर्षांनी ३,८७६ रुपयांची, तीस वर्षांनी ७६३ रुपयांची आणि चाळीस वर्षांनी अवघ्या दीडशे रुपयांची. या पद्धतीची गंमत अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. काहीतरी शिल्लक राहतेच.

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम, बसवनगुडी, जयनगर या जुन्या वस्त्यांतून फेरफटका मारणाऱ्याला ही शिल्लक अजूनही कुठे कुठे प्रत्यक्ष दिसते. बैठ्या बंगल्याच्या आवारात, नारळाच्या झावळ्यांखाली, फाटक्या ताडपत्रीआड एक फियाट उभी असते. टायर जमिनीला टेकलेले, क्रोमच्या पट्ट्या काळवंडलेल्या आणि दाराच्या खालच्या कडेला तांबूस जाळी पडलेली. घरातील वडीलधाऱ्याने ती कधीकाळी मोठ्या हौसेने आणलेली असते. आता बंगल्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहायची असते आणि वाहनतळाच्या नकाशात त्या गाडीला जागा नसते. अशा वेळी घरात दोनच पर्याय बोलले जातात. भंगारवाल्याला बोलवावे, नाहीतर कुणी शौकीन मिळतो का ते पाहावे. तिसरा पर्याय, म्हणजे घरातल्याच कुणीतरी ती गाडी पुन्हा उभी करणे, सहसा चेष्टेवारी जातो. तो पर्याय गांभीर्याने घेण्यासारखा आहे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. मात्र त्यासाठी हौशी माणसाने हिशेबाची आणि प्रामाणिकपणाची काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

घरची गाडी, घरचा इतिहास

जुन्या मोटारींच्या छंदाचे नाव निघाले की डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक संस्थानिकांच्या रोल्स-रॉईसचे आणि दुसरे अमेरिकन चित्रपटांतील दणकट ‘मसल कार’चे. १९६४ साली आलेली पॉन्टिॲक जीटीओ ही या दुसऱ्या जातीची ठळक खूण मानली जाते. सुमारे ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आणि तीनशेहून अधिक अश्वशक्ती हे तिचे बळ होते. आयातीवरील कडक निर्बंधांच्या त्या काळात अशा गाड्या भारतात अगदी तुरळक आल्या. भारतीय मध्यमवर्गाच्या स्वप्नातील मोटार १,०८९ घनसेंटीमीटरच्या इंजिनाची आणि सुमारे चाळीस अश्वशक्तीची होती. तिचे गिअर सुकाणूच्या दांड्यावर होते आणि ती मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

ही मोटार मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. प्रारंभी क्रायस्लरच्या आणि पुढे इटलीच्या फियाटच्या सहकार्याने तिथे गाड्या बनल्या. गोलसर बांध्यामुळे मराठी माणसाने जिला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले ती गाडी, तिच्यामागून आलेली ११०० डिलाइट, १९७२ ची प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी हे सारे एकाच घराण्यातील वारस. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीने वीस वर्षांची मुदत पूर्ण करून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेतला, तेव्हा अनेकांना आपल्याच घरातील कुणी गेल्यासारखे वाटले.

बेंगळुरूशी या गाडीचे नाते वरवर पाहता दिसत नाही. परंतु ज्या वालचंदांनी कुर्ल्यात मोटारीचा कारखाना काढला, त्यांनीच त्याआधी, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमान कंपनी उभारली. १९४२ साली तिचे व्यवस्थापन भारत सरकारने हाती घेतले आणि पुढे तिचीच हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. त्याच कालखंडात म्हैसूर संस्थानात मोटार कारखाना काढण्याची सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची योजनाही चर्चेत होती. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या धरणासाठी स्वयंचलित दरवाजे योजणाऱ्या या अभियंत्याची ती योजना बेंगळुरूत साकार झाली नाही. त्यामुळे बसवनगुडीच्या आवारात गंजत उभी असलेली पद्मिनी त्या शहराला परकी नाही. स्वदेशी यंत्रोद्योगाच्या ज्या आकांक्षेने बेंगळुरूला विमाने दिली, तिनेच मुंबईला ही मोटार दिली.

राजेरजवाड्यांच्या गाड्या जपल्या जातात. धर्मस्थळच्या मंजूषा संग्रहालयात किंवा श्रीरंगपट्टणाजवळच्या ‘पयण’ संग्रहालयात त्या दिमाखात उभ्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण कारकून, शिक्षक, डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी यांच्या संसारातील मोटार कोण जपणार? पहिल्या बाळाला दवाखान्यातून घरी आणणारी, लेकीची पाठवणी करणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीत टपावर वळकट्या बांधून कोल्हापूर-सांगलीपर्यंत धावणारी गाडी कोणत्याही संग्रहालयाच्या यादीत नसते. ती घरच्यांनीच जपली तर जपली जाते.

गंज झाकू नये, उघडा करावा

हौशी माणसाची पहिली गाठ इंजिनाशी पडत नाही, गंजाशी पडते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शाळकरी ज्ञान आहे. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही. ॲल्युमिनिअमवर बसणारा ऑक्साइडचा थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, पापुद्र्यांनी सुटत जातो आणि दरवेळी आतला नवा पत्रा हवेला उघडा करतो. म्हणून गंज आपोआप थांबत नाही. हवेत मीठ असेल तर त्याचा वेग आणखी वाढतो. मुंबई, गोवा, मंगळूर अशा किनारपट्टीवर आयुष्य काढलेल्या गाडीचा पत्रा त्यामुळे अधिक खंगलेला असतो. समुद्रापासून दूर, नऊशे मीटरहून अधिक उंचीवरील बेंगळुरूच्या हवेत त्या मानाने तो बराच टिकतो. तरीही मोसमी पावसापाठोपाठ ऑक्टोबरात पुन्हा येणाऱ्या सरींमुळे उघड्यावरील गाडीला इथे विश्रांती अशी मिळत नाहीच.

फियाटच्या बाबतीत आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ट्रक किंवा जीपप्रमाणे तिला वेगळी चासी नाही. तळपत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा बनतो. म्हणजे तळाला पडलेले भोक हे केवळ सौंदर्याचे वैगुण्य नव्हे. अंगरख्याला पडलेल्या भोकाइतके ते किरकोळ नाही, हाडात पडलेल्या चिरेइतके गंभीर आहे.

आणि इथेच बहुतेक हौशी लोक फसतात. जुनी गाडी विकणारा गंजावर पुट्टीचा थाप देतो, वर चकचकीत रंग मारतो आणि गाडी ‘तयार’ म्हणून दाखवतो. मराठीत झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मोटारीच्या पत्र्याला ही म्हण लागू केली तर सव्वा लाखाची गाडी दोन पावसाळ्यांत भंगार होते. त्यावर एक साधा उपाय आहे. लहानसा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. मग गालिचे आणि रबराच्या चटया उचलून पायांखालचा भाग, डिकीतील जादा चाकाची जागा, बॅटरीखालचा ट्रे आणि मडगार्डच्या आतल्या कडा पाहाव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकले असता निरोगी पत्रा खणखणीत बोलतो आणि सडलेला पत्रा भद्द आवाज करतो.

बँकेच्या कामकाजाशी परिचित असलेल्या वाचकाला या परीक्षेत ओळखीचे काहीतरी जाणवेल. थकलेल्या कर्जावर नवे कर्ज देऊन ते खाते नियमित भासवता येते. वरचा रंग काही काळ चकाकतो, आत मात्र पापुद्रे सुटतच राहतात. अनुत्पादक कर्जे वेळीच ओळखून त्यांसाठी तरतूद करण्याची शिस्त भारतीय बँकिंगने नव्वदच्या दशकापासून मोठी किंमत मोजून अंगी बाणवली. गंजाची शिस्तही तीच आहे. आधी खरवडून तो पूर्ण उघडा करावा आणि नुकसान किती ते डोळ्यांनी पाहावे. वरवरचा असेल तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावणाने निष्क्रिय करावा. आरपार गेला असेल तिथे तेवढा भाग कापून टाकून नव्या पत्र्याचा जोड द्यावा. त्यावर गंजरोधक प्राइमर द्यावा आणि पोकळ पेट्यांत मेण किंवा तेलाचा फवारा मारावा. पुट्टी वापरायचीच असेल तर ती अखेरीस, सपाटी आणण्यापुरती, नखभर जाडीची. भोक बुजवण्यासाठी कधीही नाही.

उतावळेपणाचा धोका

नवशिक्याचा दुसरा शत्रू म्हणजे त्याचा स्वतःचा उत्साह. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो पहिल्याच रविवारी अख्खी गाडी सुटी करून मोकळा होतो. सहा महिन्यांनी आवारात सांगाडा, माळ्यावर खोक्यांचा ढीग आणि कुठला बोल्ट कुठला याचे विस्मरण अशी स्थिती होते. अर्धवट सुटी झालेली गाडी अखंड गंजलेल्या गाडीपेक्षाही कमी किमतीला जाते, कारण ती घेणाऱ्याला गाडीबरोबर कोडेही विकत घ्यावे लागते.

यासाठी कामाचा क्रम ठरलेला असावा. एका वेळी एकच विभाग उघडावा. सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्रात घ्यावा आणि त्याचे नट-बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावेत. रोख मोजणाऱ्या खिडकीवर जी सवय अंगवळणी पडते, तीच इथे कामी येते. सर्वप्रथम सांगाडा, मग ब्रेक आणि सुकाणू, मग इंजिन, मग वायरिंग, त्यानंतर बैठका आणि सर्वांत शेवटी रंग, हा क्रम योग्य आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण तो उलटा करतात, कारण रंग चारचौघांना दिसतो आणि ब्रेक कुणाला दिसत नाहीत. तथापि चालती झालेली आणि न थांबणारी गाडी ही न चालणाऱ्या गाडीपेक्षा वाईट असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीतील व्हील सिलिंडरांची रबरे, ब्रेकचे नळे आणि तेल विनातक्रार बदलावेत.

जाम झालेल्या इंजिनावरही बळाचा प्रयोग करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. घाईने स्टार्टर मारला तर जे नुसते अडकलेले असते ते तुटते. पेट्रोलच्या टाकीतील गंज आणि गाळ साफ केल्याविना इंजिनाला पेट्रोल देऊ नये. आजच्या काळात याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. २०२५ पासून पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील रबरी भाग इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकीत शिळे पेट्रोल ठेवू नये.

जीवाची काळजी हा विषय वेगळा सांगावा लागू नये, तरी सांगणे भाग आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, खाली भक्कम घोड्यांचा आधार असावाच. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि बॅटरी सोडवावी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

हात कुणाचे?

हौशी माणसाने सर्वच कामे स्वतः करावीत असे नाही. पातळ पत्र्याला वेल्डिंग करणे हे वर्षांच्या सरावाने येणारे कसब आहे. उष्णता जरा अधिक झाली तर पत्रा वाकडा होतो. त्यासाठी कारागीर लागतो. बेंगळुरूत अशा माणसाचा शोध जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘जे. सी. रोड’वर, सुट्या भागांच्या दुकानांपासून सुरू होतो आणि शिवाजीनगरच्या जुन्या मालाच्या गल्ल्यांत जाऊन पोहोचतो. तिथला जाणता दुकानदार हातातील गंजलेला तुकडा पाहून तो कोणत्या सालच्या गाडीचा ते सांगू शकतो. त्याच्याशी बोलताना कन्नड, उर्दू, तमिळ, मराठी यांची सरमिसळ होते आणि तरीही व्यवहार बिनचूक पार पडतो.

मात्र हे हात आता थकत चालले आहेत. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारा फिटर, लाकडी ठोकळ्यावर हातोडीने मडगार्डचा बाक काढणारा डेंटर, जुन्या मापाचा बुश लेथवर कातून देणारा टर्नर, यांची पुढची पिढी संगणकाने दोष सांगणाऱ्या गाड्यांवर काम करते आणि तेही स्वाभाविक आहे. हौशी माणूस जेव्हा अशा कारागिराकडे शनिवारी दुपारी जातो, शेजारी उभा राहून पाहतो, विचारतो आणि मजुरीत घासाघीस करत नाही, तेव्हा तो केवळ एक गाडी दुरुस्त करून घेत नाही. एका विद्येला गिऱ्हाईक मिळवून देतो, आणि जिला गिऱ्हाईक असते ती विद्या टिकते. घरातील मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर त्या विद्येला एखादा शिष्यही मिळण्याची शक्यता असते.

हौसेचा ताळेबंद

हौसेला मोल नाही, असे म्हणतात. बँकेच्या दृष्टीने हे अर्धसत्य आहे. हौसेला मोल नसले तरी खर्च असतो आणि तो अंदाजाच्या पुढे जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीचा प्रत्यय जुनी गाडी घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी येतो. गाडीची किंमत हा खर्चातील लहान भाग असतो, पत्र्याचे आणि रंगाचे काम हा मोठा भाग असतो आणि उघडल्यावर आढळलेले नुकसान हा अनपेक्षित भाग असतो. म्हणून वहीत तीन रकाने असावेत आणि तिसरा रकाना आधीच काही रकमेने भरलेला असावा.

हौस बचतीतून व्हावी, कर्जातून नव्हे. इतक्या जुन्या गाडीला तारण म्हणून सहसा कुणी स्वीकारत नाही, आणि वैयक्तिक किंवा सोनेतारण कर्ज काढून हौस भागवणे म्हणजे घसरत्या मालमत्तेवर वाढते व्याज मोजणे होय. त्यापेक्षा दरमहा ठरावीक रकमेचे आवर्ती ठेव खाते उघडावे आणि मुदत संपेल तेव्हा कामाचा पुढचा टप्पा हाती घ्यावा. त्यात गाडी तयार व्हायला तीन वर्षे लागतील. लागोत. ज्या गाडीसाठी आजोबांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिच्यासाठी नातवाने तीन वर्षे थांबण्यात कमीपणा नाही.

भांडवली खर्च आणि महसुली खर्च हा वाणिज्य शाखेतील पहिल्या वर्षाचा धडाही इथे आठवावा. तळपत्रा बदलणे हा भांडवली खर्च आहे, कारण त्याने गाडीचे आयुष्य वाढते. दर दोन वर्षांनी चकाकी आणणे हा महसुली खर्च आहे. हात आखडता घ्यायचाच असेल तर दुसऱ्यात घ्यावा. आणि विकून नफा होईल ही आशा मनातून काढून टाकावी. जुन्या गाड्यांना लाखोंची बोली लागल्याच्या बातम्या छापून येतात. ज्यांनी घातलेले पैसेही परत मिळाले नाहीत, त्यांच्या बातम्या होत नाहीत.

कागदपत्रांचा गंज

पत्र्याइतकाच गंज कागदांनाही चढतो. घरची गाडी बहुधा दिवंगत आजोबांच्या नावावर असते आणि ती कुणाच्या नावावर करायची याचा निर्णय कुटुंबाने घेतलेलाच नसतो. मृत खातेदाराच्या ठेवीवर दावा सांगताना जी दगदग होते, तीच इथे होते. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज आहे. तो हातोडी हाती घेण्यापूर्वी भरावा. नोंदणी पुस्तिकेतील इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. इंजिन बदललेले असून त्याची नोंद नसेल तर आधी तो गुंता सोडवावा.

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. हे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. विम्यापैकी तृतीय पक्षाचा विमा अनिवार्य आहेच. जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते, म्हणून खर्चाच्या पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

२०२१ साली केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला २०,००० रुपये शुल्कात, ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या क्रमांकाने, दहा वर्षांची नोंदणी मिळते. ते वाहन प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतेच रस्त्यावर आणता येते. ही मान्यता स्वागतार्ह आहे. परंतु तिच्यात एक पोकळी राहून गेली आहे. जुन्या वाहनांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था ‘फिवा’ तीस वर्षांवरील जतन केलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. भारतात ही मर्यादा पन्नास वर्षांची आहे. २००० साली कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी या हिशेबाने २०५० साली ‘व्हिंटेज’ होईल. तोवरच्या काळात कायद्याच्या दृष्टीने ती केवळ म्हातारी गाडी, आणि म्हाताऱ्या गाडीसाठी धोरणाची दिशा भंगाराकडे आहे.

या धोरणामागील कारण खोटे नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या नव्या गाड्यांहून अधिक धूर सोडतात आणि बेंगळुरूच्या रहदारीत दररोज अशी गाडी काढणे शहाणपणाचे नाही. ज्यांची गाडी खरोखर थकली आहे, त्यांनी ती नोंदणीकृत भंगार केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी, हेच उचित. मात्र महिन्यातून दोन रविवारी, शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणारी, निगा राखलेली घरगुती गाडी आणि रोज धूर ओकणारे दुर्लक्षित वाहन यांना एकाच मापाने मोजणेही न्याय्य नाही. तीस ते पन्नास वर्षे वयाच्या, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी मर्यादित वापराचा एक मधला वर्ग निर्माण केला, तर हवेचेही रक्षण होईल आणि वारशाचेही. कर्नाटक व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबसारख्या संस्थांनी आणि सामान्य मालकांनी हा आग्रह धरायला हवा. अन्यथा पन्नाशी गाठेपर्यंत जपण्यासारखी पद्मिनी शिल्लकच उरणार नाही.

शिल्लक

घसाऱ्याच्या गणितात चाळीस वर्षांनी उरलेल्या दीडशे रुपयांचा अर्थ वहीत लिहिलेला नसतो. तो गाडीखाली उताणे पडून गंज खरवडताना हळूहळू उमगतो. चटईखाली एखादे जुने बसचे तिकीट सापडते, हातमोजे ठेवण्याच्या कप्प्यात आजोबांच्या अक्षरातील पेट्रोलचा हिशेब सापडतो. किती लिटर, किती मैल, कुठपर्यंत, हे सारे त्यात असते. ज्या पिढीने एकेक रुपया बाजूला टाकून ही गाडी घेतली, तिने ती पुसून, झाकून, जपून वापरली होती. तिला गंज चढला तो नंतरच्यांच्या दुर्लक्षामुळे. तो उतरवणे हे एका अर्थाने थकबाकी फेडणे आहे.

सर्वांनाच ते जमेल असे नाही, आणि प्रत्येक गाडी वाचेल असेही नाही. परंतु भंगारवाल्याचा टेम्पो दारात येण्यापूर्वी एक रविवार त्या गाडीला द्यावा. ताडपत्री दूर करावी, चटया उचलाव्यात, खिशात एक लोहचुंबक ठेवावा आणि कपाटातून नोंदणी पुस्तिका शोधून काढावी. पत्रा किती उरला आहे, कागद कितपत धड आहेत आणि दरमहा किती बाजूला टाकता येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे मांडावीत. ती प्रतिकूल निघाली तर गाडीला निश्चिंत मनाने निरोप देता येईल. अनुकूल निघाली, तर दुसऱ्या दिवशी बँकेत येऊन आवर्ती ठेवीचे खाते उघडावे आणि येत्या रविवारी पहिला बोल्ट सैल करावा.